कॅप्टनला मैदानाबाहेर का काढलं?

एक

मॅनेजरच्या दाराच्या कडीला बुटांची जोडी लटकत होती. फुटबॉलचे बूट. दोन्हींच्या लेस एकत्र गुंफून वर फास केला होता, मान बसेल एवढा. काम नीट केलेलं होतं, आणि मला भीती वाटली ती त्या नीटपणाची. रागाने भिरकावलेला दगड समजू शकतो. हे करणारा माणूस गाठ बसली की नाही ते ओढून बघून गेला होता.

"काल खिडकी फुटली, आज हे," दार किलकिलं करून मॅनेजरच्या पत्नी, सगळ्यांच्या वहिनी, म्हणाल्या. "आत या लवकर. आणि हात लावू नका, पोलिसांना दाखवायचंय. ते येणार आहेत. कालपासून येणारच आहेत."

मी आत गेले. मागे तीन कड्या लागल्या.

फुटबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे हिशेब बघणारा नव्हे. कुणाला खेळवायचं, कुणाला बसवायचं, कुणाला मधूनच बाहेर काढायचं हे तो ठरवतो. या मॅनेजरने गेल्या रविवारी बरोबरीत चाललेल्या सामन्यात, दुसऱ्या हाफला, कॅप्टनलाच बाहेर काढलं. गावाचा लाडका कॅप्टन. क्लब हरला. सोमवारी सकाळी मॅनेजरला काढून टाकलं. मॅच विकली, असं अध्यक्ष उघड म्हणाले.

क्लबच्या नियमात एक जुनं कलम आहे: काढलेल्या माणसाने मागणी केली तर बाहेरच्या कुणीतरी चौकशी करून सगळ्या सभासदांसमोर निकाल द्यायचा. दोन्ही बाजूंना चालेल असं एकच नाव निघालं, ते माझं. मी रेफरी होते. निवृत्त झाले तरी लोक मला शिट्टीबाईच म्हणतात. सभा शनिवारी संध्याकाळी. रविवारी शेवटचा सामना. जिंकले तर क्लब वरच्या गटात राहणार, नाहीतर खाली.

थोडक्यात, या घराला काचा राहतील की नाही ते माझ्या तोंडून निघणाऱ्या वाक्यावर होतं. आणि आज गुरुवार होता.

दोन
*(बहुतेक नुसते प्रश्न)*

कॅप्टनला का काढलंत?

"दमला होता."

मी सामन्याचं चित्रीकरण पाहिलंय. मैदानावर सगळ्यात जास्त तोच पळत होता. दमलेला माणूस असा पळतो?

दुखापत होती?

भांडण झालं होतं तुमचं?

कुणी सांगितलं होतं काढायला?

तुमच्या दाराला फास लटकतोय. एका वाक्यात सुटाल. ते वाक्य काय आहे?

"दमला होता," मॅनेजर पुन्हा म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. फुटलेल्या खिडकीवर ठोकलेल्या पुठ्ठ्याकडे बघत होते.

"बघा ना," वहिनी म्हणाल्या. "तोंड दाबून बुक्क्यांचा मार. कुणाला तरी वाचवतायत हे. मी ओळखते ना यांना."

निकाल, पहिला मसुदा

क्लबने मॅनेजरला काढलं ते योग्यच, कारण माणूस खोटं बोलतो आ

(खोडलं. मॅच विकणारा खोटं बोलतो, तसा घाबरलेलाही बोलतो.)

तीन

घरी पोचले तर फोन वाजत होता. उचलला. पलीकडे कुणी बोलेना. फक्त श्वास, आखूड, थरथरता. मी "हॅलो" म्हटलं. श्वास थांबला. फोन बंद.

क्लबच्या कचेरीत अध्यक्ष खुशीत होते. "या शिट्टीबाई! पिवळं कार्ड नका दाखवू हं लगेच."

"मॅच विकली याला पुरावा काय?"

"पुरावा? अहो, घरातला चालता पंखा काढून कुणी घामाघूम बसतं का? कारण असल्याशिवाय?"

"कारण आहे. ते पैसेच असेल असं कशावरून?"

"मग दुसरं सांगा ना तुम्ही." ते हसले. मग हसू तसंच ठेवून आवाज खाली आणला. "ताई, रविवारी कॅप्टन खेळणार, आपण जिंकणार, सगळे सगळं विसरणार. तुम्ही एकट्या राहता ना? दाराला कडी चांगली आहे ना? नाही, लोक फार तापलेत, म्हणून काळजीने विचारतोय."

मी होकार दिला.

चार

गोलकीपर मैदानावर एकटाच जाळीला गाठी मारत होता. त्याला सगळे गोली म्हणतात. त्याच्या भुवईवर ताजा व्रण होता.

"हे? कॅप्टनचं प्रेम!" तो म्हणाला. "आधीच्या एका मॅचला दोघं एकाच बॉलसाठी उडालो, टाळकी आपटली. मला टाके, त्याला साधं खरचटलंही नाही. नारळ आहे नारळ."

"गेल्या रविवारी तो कसा होता?"

"फॉर्मात! मला झापत होता, काय सांगू. आता बघा बाई, ती पाण्याची टाकी दिसते? आपली मंडळी तिच्याखाली बसतात. म्हणून आपण दुसऱ्या हाफला नेहमी टाकीकडे गोल मारतो. रिवाजच आहे. पण त्या दिवशी नाणेफेक समोरचे जिंकले आणि मुद्दाम टोकं उलटी घेतली. तर पहिल्या हाफला मी तिकडे, पत्र्याच्या शेडखाली उभा, आणि कॅप्टन लांबून ओरडतोय, 'अरे, तू तिकडे काय करतोस? तुझा गोल इकडे!' मी म्हटलं, ह्याला भर मॅचमध्ये विनोद सुचतात."

तो हसला. मीही हसले. मग विचारलं, "आणि दुसऱ्या हाफला?"

"तेव्हा मी टाकीखाली. तिथे मात्र तो चिडला असणार. बॅकपास दिला तो असा, की तोफच! आपल्या माणसाने पायाने दिलेला बॉल हातात घेता येत नाही, म्हणून पाय घातला, कसाबसा कॉर्नरला गेला. नाहीतर आमच्याच जाळीत होता. लगेच सरांनी त्याला काढलं. मला वाटलं, रागावले." गोलीचं हसू ओसरलं. "बाई, सर मॅच विकणारे नाहीत हो. पण हे मी सभेत नाही बोलणार. मलाही घर आहे. मलाही दार आहे."

पाच

कॅप्टन थोरल्या बहिणीबरोबर राहतो. दार तिनेच उघडलं. आत एकच पंखा, भिंतभर बक्षिसं आणि मध्ये हा, लख्ख चेहऱ्याचा, समोरच्याला आपला करून टाकणारा.

"या, या! तुम्ही कोण?"

मी सांगितलं. त्याने चहा मागवला. बहीण आत गेली, तरी तिचे कान बाहेरच असल्यासारखे वाटत होते, कारण भांड्यांचा आवाज येत नव्हता.

"सर देवमाणूस आहेत," कॅप्टन म्हणाला. "त्यांना का काढलं, कळत नाही."

"तुला बाहेर काढलं म्हणून."

"मला?" तो क्षणभर थांबला. मग मोकळं हसला. "हां हां. ते होय."

"तो जोरदार बॅकपास तू का दिलास?"

"कुठला बॅकपास? मी टाकीकडे सुटलो होतो, गोल मारायला. दुसऱ्या हाफला आपण टाकीकडेच मारतो ना!"

आत कप फुटला. बहीण दारात येऊन उभी राहिली. "गंमत करतोय तो. त्याची सवयच आहे. ताई, तुम्हाला उशीर होत असेल."

मी उठले. कॅप्टन दारापर्यंत सोडायला आला. हात जोडले आणि अगदी अदबीने म्हणाला, "बसा ना, चहा घेऊन जा. पण तुम्ही कोण, ते सांगितलंच नाहीत."

सहा

भर दुपार होती. रस्त्यावर माणसं होती. तरी मी घरापर्यंत जवळजवळ पळत गेले, आणि माझ्या दाराच्या कडीला बुटांची जोडी लटकत होती.

निकाल, दुसरा मसुदा

तो बॅकपास नव्हता. गोलवर मारलेला फटका होता, आपल्याच गोलवर, आणि मारणाऱ्याला ते माहीत नव्हतं. टोकं बदललीत हे त्याला पहिल्या हाफलाही माहीत नव्हतं. त्याने विनोद केला नव्हता. मॅनेजरने हे बाकावरून पाहिलं आणि त्याला तत्काळ बाहेर काढलं. पोराची लाज राखायला स्वतः बदनाम झाले. क्लबचा निर्णय चूक. मॅनेजरना सन्मानाने परत

(हाही अर्धाच राहिला. डॉक्टरांनी दोन शब्द जास्तीचे वापरले.)

सात

"त्या मॅचमध्ये त्याला काहीही लागलेलं नाही," क्लबचे डॉक्टर म्हणाले. "लिहून देतो हवं तर."

"त्या मॅचमध्ये?"

"हो."

"मी नुसतं विचारलं, त्याला काही लागलंय का. 'त्या मॅचमध्ये' तुम्ही घातलंत."

डॉक्टर उठले आणि खिडकी लावून घेतली. बाहेर कुणीच नव्हतं. "बाई," ते पाठमोरेच म्हणाले, "मीही याच गावात राहतो."

मग मी क्लबच्या कचेरीतून सगळ्या जुन्या सामन्यांचं चित्रीकरण मागून आणलं आणि पडदे ओढून बसले. लोकांना वाटतं रेफरीची नजर बॉलवर असते. मी आधी राखीव बाक बघायचे, कारण भानगडी तिथे शिजतात.

गेल्या रविवारचा सामना. पहिली शिट्टी. राखीव खेळाडू बाकावर टेकले. एकजण टेकला नाही. कॅप्टनच्याच जागी खेळणारा जुना खेळाडू. पोरं त्याला आजोबा म्हणतात. तो रेषेबाहेर पळत अंग गरम करत होता. राखीव खेळाडू पाळीपाळीने पळतात आणि परत बसतात, बदली जवळ आली की पुन्हा उठतात. आजोबा पहिल्या शिट्टीपासून पळत होते. एकदाही बसले नाहीत.

म्हणजे काढायचं आधीच ठरलं होतं? मॅच विकली होती?

त्याच्या आधीचा सामना लावला. आजोबा पहिल्या शिट्टीपासून पळतायत. शेवटपर्यंत. बदली झालीच नाही. क्लब जिंकला.

त्याच्याही आधीचा. आजोबा पळतायत. क्लब जिंकला.

त्याच्या आधीचा: कॅप्टन आणि गोली उडाले, टाळकी आपटली. या सामन्यात आजोबा बाकावर, पाय पसरून, मजेत.

जिंकलेल्या सामन्यात कुणी मॅच विकत नाही. टक्कर होईपर्यंत आजोबा बसलेले. टक्कर झाल्यावर एकदाही नाहीत. मॅनेजरला माहीत होतं. गेल्या रविवारी बाकावरून अचानक दिसलं असं नव्हे. टक्कर झाल्यापासून माहीत होतं. प्रत्येक सामन्यात तो पोरगा कुठल्याही क्षणी कोसळेल म्हणून त्यांनी बदली तयार ठेवला, आणि पोराला खेळवलं. पुन्हा खेळवलं. पुन्हा.

फोन वाजला. तोच श्वास.

या वेळी मला त्या श्वासातली भीती ओळखू आली. ती माझ्यासारखीच होती.

"तू कॅप्टनची ताई ना?" मी म्हटलं. "ठेवू नकोस. मला कळलंय."

पलीकडून आवाज आला. "घरचा रस्ता चुकतो तो. आई जाऊन वर्षं झाली. रोज विचारतो, आई जेवली का." ती रडत नव्हती, रडून संपलं होतं. "डॉक्टर म्हणाले, आठवड्याभरात जाईल. सर म्हणाले, मी आहे ना. आता सर नाहीत आणि परवा त्याला उतरवणार. तिथे बाहेर काढायला कोण असेल? ताई, परत एकदा डोक्याला लागलं तर तो उठेल का हो?"

मला उत्तर माहीत होतं. मी तशीच अध्यक्षांकडे निघाले.

आठ

अध्यक्षांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"थांबा. मला डॉक्टरांनी काही सांगितलेलं नाही," हात वर करून ते म्हणाले. "आणि तुम्हीही सांगू नका. एकच सामना आहे, ताई. एकच." त्या दिवशीचं हसू आज नव्हतं, आणि त्या हसण्याशिवाय ते फार म्हातारे आणि फार भ्यालेले दिसत होते. "क्लब खाली गेला तर माझ्याही दाराला दोरी लागेल हो."

नऊ

शनिवारी दुपारी पुन्हा त्या तीन कड्या.

"तुम्ही पोराला वाचवायला गप्प नाही," मी मॅनेजरना म्हटलं. "आजोबा का पळत होते, ते सांगावं लागेल म्हणून गप्प आहात."

पुठ्ठ्यावरची नजर हलली नाही. पण त्यांचे खांदे खाली आले, कुणीतरी आतून दोरी सोडल्यासारखे.

"पहिल्या आठवड्यात मला वाटलं, बरा होईल," ते म्हणाले. "दुसऱ्या आठवड्यात जिंकत होतो. तिसऱ्या आठवड्यात... भीती वाटायला लागली होती, पण काढला असता तर का काढलं ते सांगावं लागलं असतं. बाहेर काढलं मी, बाई. पण आत पाठवलं तेही मीच."

"अहो," मागून वहिनी म्हणाल्या. पाण्याचा तांब्या हातात तसाच होता. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

वहिनींनी तांब्या खाली ठेवला, दाराशी गेल्या, आणि एकेक करत तिन्ही कड्या काढल्या. दार सताड उघडं ठेवून त्या आत निघून गेल्या.

"सभेत तुम्हीच सांगा," मी म्हटलं. "मी सांगितलं तर पुरावा मागतील, डॉक्टर कानावर हात ठेवतील, आणि उद्या तो उतरेल."

"मारतील मला."

"कदाचित."

"तुम्हाला नाही भीती वाटत?"

"माझी पाचावर धारण बसलीय," मी म्हटलं. "तरी मी येतेय."

दहा

क्लबचा हॉल खचाखच. भिंतीला लागून उभे असलेले, खिडकीत बसलेले. पहिल्या रांगेत कॅप्टन, शेजारी त्याची बहीण. मॅनेजर शेवटच्या रांगेत, दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. एवढ्या गर्दीत त्यांच्या शेजारी बसायला कुणी तयार नव्हतं.

मी उभी राहिले. कागद टेबलावर ठेवला.

"मॅच विकलेली नाही," मी म्हटलं. "क्लबने दिलेलं कारण खोटं आहे. गेल्या रविवारी कॅप्टनला बाहेर काढणं हा त्या मैदानावरचा सगळ्यात बरोबर निर्णय होता."

"किती घेतलेत, शिट्टीबाई?" मागून कुणीतरी ओरडलं. खुर्च्या सरकल्या.

"तरीही," मी आवाज चढवला, "मॅनेजरना परत घेऊ नये. त्यांना काढायलाच हवं होतं. गेल्या रविवारसाठी नाही. त्याच्या आधीच्या रविवारांसाठी."

"ते तर जिंकलो होतो!"

"डोकं फिरलं बाईचं!"

"कारण सांगा! कारण सांगा!"

कारण पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे हसत बघत होतं. मी तोंड उघडलं. त्याच्यासमोर, साऱ्या गावासमोर, ते वाक्य बाहेर पडेना. दारातला एकजण बाह्या सरसावत पुढे निघाला.

तेवढ्यात कॅप्टनच उभा राहिला. हॉल गप्प झाला. त्याच्यासाठी तो नेहमीच गप्प होई.

"सरांना काही बोलू नका," तो म्हणाला. "मी होतो ना तिथे. मला विचारा. गेल्या रविवारी सरांनी मला काढलंच नाही. शेवटच्या क्षणी मी हेडर मारला, जिंकलो आपण. तुम्हीच तर खांद्यावर घेतलंत मला. इथे, याच हॉलमध्ये नाचलो. आई पण आली होती बघायला."

बहिणीने डोळे मिटले.

कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं. मग शांतता रांगेरांगेने मागे सरकत गेली. बाह्या सरसावलेला माणूस होता तिथेच उभा राहिला. गोलीने हात भुवईवर नेला होता आणि तो तिथेच राहिला होता. अध्यक्ष टेबलाकडे बघत होते.

"काय झालं?" कॅप्टनने वळून सगळ्यांकडे पाहिलं. आता पहिल्यांदा त्याच्या आवाजात भीती आली. "कुणी काही बोलत का नाही?"

शेवटच्या रांगेत खुर्ची वाजली. मॅनेजर उभे राहिले. मधल्या वाटेने पुढे आले. कुणी त्यांना अडवलं नाही, कुणी वाटही दिली नाही. दोन्ही बाजूंच्या गुडघ्यांना धडकत आले.

"त्याच्या डोक्याला मार बसलाय," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका स्पष्ट कधी ऐकला नव्हता. "मला माहीत होतं. मी तरीही खेळवला. तुम्ही जिंकलात म्हणून ओरडत होतात, तेव्हाही मला माहीत होतं. बाईंचा निकाल बरोबर आहे."

मागून एक शिवी आली, घाणेरडी, रडक्या आवाजातली. मॅनेजरनी मान वळवली नाही. ते कॅप्टनपुढे उभे होते.

कॅप्टनचा चेहरा उजळला. एवढ्या गर्दीत त्याला एकच माणूस नीट ओळखू आला होता.

"सर, उद्या मला कुठे खेळवताय?"

"कुठेच नाही, राजा."

कॅप्टनने ते ऐकलं. विचार केला. मग, आयुष्यभर बाकावरून आलेला हुकूम मानत आलेल्या माणसासारखी मान हलवली.

"बरं, सर," तो म्हणाला, आणि बहिणीशेजारी बसला.